न आलेल्या निरोपासाठी एक ओळ

उन्हाळा लागला की आमच्या घरातला फोन उजाडायच्या आत वाजायला लागतो, आणि त्यातले निम्म्याहून जास्त फोन आमच्यासाठी नसतात. कुणाचं तरी रान रिकामं झालेलं असतं, कुणाचा तरी मेंढ्यांचा कळप मोकळा झालेला असतो, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो. सासरे होते तोवर हे काम त्यांचं होतं. आमची विहीर सेनगावच्या रस्त्यावरून दिसते, त्यामुळे मेंढपाळ पाण्याला थांबायचे. सासरे विचारायचे, पुढं कुठं? आणि कुणाच्या तरी शेतात त्यांची सोय लावून द्यायचे. सासरे गेले, लोकांची सवय राहिली. आमच्या घरात फोन उचलणारी मीच, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

तूर आणि हरभरा निघाला की आमच्याकडची काळी रानं पावसापर्यंत रिकामी असतात. त्यात मेंढपाळ रात्री आपला कळप बसवतो. भोवती वाघुरीची जाळी लावायची, मेंढ्या आत, आणि सकाळी कळप उठला की लेंड्यांचं खत जागच्या जागी. दोन-तीन रात्री एका तुकड्यात, मग पुढच्या तुकड्यात. शेतकऱ्याला खत मिळतं, मेंढपाळाला मोबदला आणि जनावरांना पाणी. मोबदला ते आपसात ठरवतात, त्यात मी पडत नाही. माझं काम एवढंच, की रान, कळप आणि पाणी एकाच दिवशी एका जागी आले पाहिजेत.

ऐकायला सोपं वाटतं. पण निरोप कधीच शिस्तीत येत नाहीत. सकाळी एक जण सांगतो रान मोकळं झालं. त्याच्याजवळ त्या दिवशी कळपच नसतो. चार दिवसांनी कळप येतो, तर हा लग्नाला गेलेला. तिसऱ्याचं रान आहे, पण विहिरीला पाणी फक्त वीज असेल तेव्हा. मी एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात लाटणं घेऊन हे सगळं डोक्यात जुळवत असायचे.

मुलगी पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. दर उन्हाळ्यात महिनाभर इथे येऊन घरून काम करते. गेल्या वर्षी तिने दोन दिवस माझी ही कसरत पाहिली आणि म्हणाली, "आई, हा निरोपांचा प्रश्न आहे. आमच्याकडे हाच असतो, फक्त तिकडे मेंढ्या नसतात."

"मग काय असतं?"

"माणसं. एकाच वेळी हजारो माणसं बटणं दाबत असतात, आणि कुणाचं आधी येईल ते कुणालाच माहीत नसतं."

मग तिने मला एक संगणकाची भाषा दाखवली. टेलिफोन एक्स्चेंज चालवण्यासाठी म्हणून बनलेली. त्या भाषेत एक मोठा कारभारी नसतो. लहान लहान कामकरी असतात, आणि प्रत्येकाला निरोप टाकण्याची स्वतःची एक पेटी असते. एकाने दुसऱ्याच्या कामात हात घालायचा नाही. सांगायचं असेल ते त्याच्या पेटीत टाकायचं आणि आपल्या कामाला लागायचं.

"आणि पेटीतला कुठला निरोप आधी उघडायचा?" मी विचारलं.

ती खुर्चीवरून पुढे सरकली. "हाच खरा प्रश्न आहे. या भाषेत ते तू ठरवतेस. निरोप कसा दिसतो हे लिहायचं आणि त्याच्यापुढे काय करायचं ते लिहायचं. जो जुळेल तो उचलला जातो. बाकीचे आहेत त्याच क्रमाने थांबतात."

मला एकदम आमची पिठाची गिरणी दिसली. डबे रांगेत असतात. गव्हाचं जातं चालू असेल तर गिरणीवाला रांगेतले गव्हाचे डबे तेवढे उचलतो. ज्वारीचा डबा पहिला असला तरी तिथेच थांबतो, पण त्याचा नंबर जात नाही. हे मी बोलून दाखवलं. मुलगी म्हणाली, "हे आमच्या साहेबांना सांगायला पाहिजे, त्यांना अजून समजलेलं नाही."

मी गणितात पदवी घेतली आहे आणि बरीच वर्षं दहावीच्या शिकवण्या घेतल्या. उत्तर आलं तरी ताळा केल्याशिवाय मला चैन पडत नाही. इतकी वर्षं गणितात मला 'बरोबर'च्या चिन्हापुढे एकच ठरलेलं उत्तर भेटलं होतं. पण 'असं काही आलं तर हे कर, तसं आलं तर ते, आणि आलेलं कुठलंच जुळत नसेल तर आणखी काही' अशी वाक्यं ओळीने लिहिता येतात आणि ती खरोखर चालतात, हे नवीन होतं. त्या दुपारी वरण करपलं. दुसऱ्या दुपारीही करपलं. ह्यांनी ताक आणि भाकरी वाढून घेतली.

वर्षभर मी ती भाषा शिकले. फोनवर मुलगी शिकवायची, मी जुन्या लॅपटॉपवर करून बघायचे. या उन्हाळ्यात ती आली तेव्हा आमचा कार्यक्रम, म्हणजे संगणकावरचा प्रोग्रॅम, तयार होता. लोकांनी आमच्या नंबरवर साधा मेसेज पाठवायचा. शेतकऱ्याने 'रान' आणि गावाचं नाव. मेंढपाळाने 'कळप' आणि गावाचं नाव. तो मेसेज लॅपटॉपवर नेण्याची सोय मुलीने केली. आत तीन कामकरी: एकाकडे रानं, एकाकडे कळप, आणि तिसरा जुळवणारा. रान आधी आलं तर तो कळपाची वाट बघतो, कळप आधी आला तर रानाची. दोन्ही आले की शेतकऱ्याला विचारतो, 'आज कळप येतोय, येऊ द्यायचा का?' कारण त्याने रान कळवलं त्याला आठवडा झालेला असू शकतो. शेतकऱ्याने 'या' एवढंच लिहायचं. मग कळपाला जागा कळवली जाते. काही भाषांत 'हे दोन्ही आले तर' असं एकाच ओळीत लिहिता येतं म्हणे. आमच्या भाषेत दोन ओळी लागल्या. माझी तक्रार नाही.

रिचार्जच्या जाहिराती, 'जेवलात का वहिनी', कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, हे सगळंही पेटीत यायचं. ते कशाशीच जुळत नसल्यामुळे साचत जायचं आणि दर वेळी कामकरी ते सगळं चाळत बसायचा. मग शेवटी एक ओळ घातली, 'यातलं काहीच नसेल तर टाकून दे'. पेटी स्वच्छ झाली.

पण तीन दिवसांत कार्यक्रम अडकला. बंद पडला नाही, नुसता उभा राहिला. जुळवणाऱ्याने एका शेतकऱ्याला विचारलं होतं आणि तो उत्तराची वाट बघत होता. दुपार झाली, ऊन उतरलं, उत्तर नाही. कळपवाला चिडून मला फोन करायला लागला.

"काहून उत्तर देईना तो?" ह्यांना मी विचारलं.

"त्याला नको आसंल."

"मग 'नाही' लिहायला काय होतं?"

मी परक्या मुलखातून आल्यासारखं ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मेंढराला न्हाई म्हणतेत का कुणी? लक्ष्मी असती ती. न्हाई म्हणायचं नसतं. गप बसायचं."

हे मलाही माहीत होतं. सासूबाईंनी पहिल्या वर्षीच सांगितलं होतं. आमच्याकडे कळपाला तोंडाने नकार कुणी देत नाही. नको असेल तर 'बघू' म्हणतात, 'सांगतो' म्हणतात, किंवा काहीच म्हणत नाहीत, आणि मेंढपाळाला ते कळतं. पण मी कार्यक्रमात 'नाही'साठी एक ओळ लिहून ठेवली होती आणि ती ओळ आयुष्यात कधी चालणार नव्हती.

मुलीला सांगितलं तर ती हसत सुटली. मग म्हणाली, "त्याचीही सोय आहे. 'इतक्या वेळात काहीच आलं नाही तर' अशी ओळ लिहिता येते."

"काहीच आलं नाही तर?"

"हो. निरोप न येणं हाही एक प्रसंग धरतात. त्याच्यापुढे काय करायचं ते लिहायचं."

मी ओट्याजवळची उठून तिच्या मागे जाऊन उभी राहिले आणि ती ओळ परत परत वाचली. ज्यांनी कुणी ती भाषा बनवली, त्यांनी आमचा तालुका पाहिलेला नसणार. पण गप बसलेल्या माणसाचं काय करायचं, हा प्रश्न त्यांनाही पडला होता आणि त्यांनी त्याला जागा ठेवली होती. मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या जाऊबाईंना बोलावून ती ओळ दाखवली. त्या म्हणाल्या, "बरं हाय," आणि दही मागून गेल्या.

आता किती वेळ थांबायचं हा आकडा हवा होता. मी गेल्या उन्हाळ्याचे फोनमधले सगळे निरोप काढले. ज्यांनी 'या' म्हटलं होतं, त्यातल्या जवळजवळ सगळ्यांनी तासाभरात म्हटलं होतं. काही जण दीड तासापर्यंत. त्यापुढे उशिरा उत्तर आलेले एक-दोघे, ते रेंज नसलेल्या ठिकाणी गेलेले. त्यांना मी अपवाद धरलं आणि दीड तास लिहिला. दीड तासात 'या' आलं नाही तर पुढच्या शेतकऱ्याला विचारायचं.

पंधरा दिवस कार्यक्रम असा चालला की मी दोन्ही हातांनी पोळ्या केल्या.

मग तो दिवस आला. कळप होता एका मावशींचा. वयाने माझ्याहून थोड्या मोठ्या. नवरा मोठी मेंढरं घेऊन सिद्धेश्वर धरणाच्या अंगाला गेलेला, आणि यांच्याकडे लेकुरवाळ्या मेंढ्या, नुकती झालेली कोकरं आणि पुढे चालणाऱ्या चार शेळ्या. घर नाही, शेत नाही. जे काही आहे ते चालतं-फिरतं. त्यांनी सकाळी कुणाकडून तरी 'कळप' लिहून घेतलं. दुपारी त्यांना जागा कळवली गेली, कालव्यापलीकडच्या एका शेतकऱ्याचं रान.

जेवण झाल्यावर मी सवयीने ताळा करायला बसले. पडद्यावर प्रश्न कधी गेला आणि उत्तर कधी आलं ते दिसतं. त्या शेतकऱ्याला प्रश्न गेला होता आज दुपारी. त्याचं 'या' आलं होतं काल संध्याकाळी.

मी दोनदा वाचलं. मुलीला हाक मारली. "उत्तर प्रश्नाच्या आधी कसं येईल?"

तिने बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "काल त्याला दुसऱ्या कळपासाठी विचारलं होतं का?"

विचारलं होतं. काल तो औंढ्याच्या डोंगरात पाहुण्यांकडे होता, तिथे रेंज येते-जाते. दीड तास उलटला, कार्यक्रम पुढच्याकडे गेला, तो कळप दुसरीकडे बसलाही. संध्याकाळी डोंगर उतरल्यावर त्याच्या फोनमध्ये अडकलेलं 'या' सुटलं आणि पेटीत येऊन पडलं. 'या' ओळखीचा शब्द, म्हणून 'टाकून दे'च्या ओळीने तो टाकलाही नाही. आज त्याच माणसाला विचारलं, आणि जुळवणाऱ्याला पेटीत त्याचं 'या' तयार सापडलं. त्याने ते उचललं. त्याला कालचं आणि आजचं कळत नव्हतं, कारण मी सांगितलं नव्हतं.

मी शेतकऱ्याला फोन लावला. "भाऊ, आज कळप येऊ द्यायचा होता का?"

"वहिनी, मी कुठं व्हय म्हणलो? मी तर काहीच बोललो न्हाई." मग आवाज बदलला. "काहून? निघाल्या का काय? रानाला लागून भेंडी हाय, तिच्यावर सकाळीच औषध मारलंय. बांधाचं गवत बी भिजलंय."

उन्हाळ्यात हिरवं म्हणून उभी असलेली तेवढीच भेंडी, आणि दिवसभर कोरडं चघळत आलेला कळप. तो थेट त्यातच घुसणार. मावशींना फोन लावला, लागेना. त्यांचा फोन बिऱ्हाडाच्या घोड्यावरच्या गाठोड्यात असतो.

मुलीने स्कुटी काढली, मी मागे बसले. डांबरी संपेपर्यंत ठीक होतं. पुढे फुफाट्यात चाक डुलायला लागलं. एरवी तिला 'सावकाश' म्हणणारी मी, आज 'चल चल' म्हणत होते. कालव्याच्या पुलावर ताज्या लेंड्या दिसल्या. कळप पुढे गेलेला होता.

वळणावर धूळ दिसली. आम्ही पोचलो तेव्हा मेंढ्या बांधाच्या अलीकडे होत्या, पण एका शेळीने बांधावर चढून पलीकडे मान घातलेली. मी ओरडले, "मावशी, औषध मारलंय." त्यांनी मागे न बघता तोंडाने एक आवाज काढला, काठी आडवी धरली आणि धावल्या. त्यांच्या कुत्र्याने पुढची फळी वळवली. शेळी शिंगाला धरून खाली ओढली तेव्हा तिच्या ओठाला हिरवं काही होतं की नव्हतं, हे तिघींपैकी कुणालाच ठाम सांगता येईना.

मावशींनी शेळीचं तोंड उघडून बोट घालून पाहिलं. माझ्याकडच्या बाटलीतलं सगळं पाणी तिच्या तोंडावर ओतलं. मग कळप बाभळीखाली उभा केला आणि आम्ही शेळीकडे बघत बसलो.

"तुमच्या मशिनीनं या म्हणलं ना?" मावशी म्हणाल्या.

"म्हटलं. पण ते कालचं होतं. आमच्या हातून चूक झाली."

"शिळी भाकर खाता येती, बाई. शिळा निरोप कसा खावा?"

तेवढ्यात शेतकरी धावत आला. पायात चप्पल नव्हती. मावशींनी त्याला बसूही दिलं नाही. "दादा, एक शब्द बोलायचा व्हता की."

"मावशे, लक्ष्मीला न्हाई कसं म्हणू? दारातून परत धाडली तर येत न्हाई, असं बाप म्हणायचा."

"अन् मेली तर येती का?"

खाली बसला आणि तोही शेळीकडे बघायला लागला. मीही बघत होते. ती उभी होती, कान हलवत होती, पोट आत-बाहेर होत होतं. मला जनावराचं फार कळत नाही; मी मावशींचा चेहरा बघत होते. बऱ्याच वेळाने शेळीने पुढचे गुडघे मोडले. मी उठून उभी राहिले. ती बसली, आणि जबडा हलवून रवंथ करायला लागली. मावशींनी काठी खाली ठेवली. "न्हाई खाल्लं," त्या म्हणाल्या.

पण कळप अजून रस्त्यावरच होता आणि ऊन उतरायला लागलं होतं. कोकरं पुढे चालण्यासारखी राहिली नव्हती. जवळ पाणी असलेलं रिकामं रान एकच होतं, आमचं. त्यात हळदीचे बेड पाडायचे होते. ट्रॅक्टर उद्या सकाळचा ठरलेला होता आणि हे हिंगोलीला हळदीचं बेणं आणायला गेलेले. मी फोन लावला आणि झालं ते सगळं सांगितलं. "आपल्या रानात बसवू का कळप?"

पलीकडे बाजाराचा आवाज येत राहिला. हे गप.

मला हसू आलं आणि भीतीही वाटली. "हे बघा," मी म्हटलं, "तुमच्या गप बसण्याचा अर्थ मला ठाऊक आहे. तो अर्थ असेल तर मी पुढचं बघते. पण कोकरं दमलीत."

मग ते म्हणाले, "ट्रॅक्टरवाल्याला सांगतो दोन दिवसांनी ये म्हणून. उसाच्या अंगानं बसवा म्हणावं, वाऱ्याला आड हाय. अन् पाण्याची मोटार तू चालू कर, पोरीला सांगू नको, शॉक लागतो तिथं."

कळप परत कालव्यावरून आमच्याकडे आला. तो शेतकरीही सोबत आला, वाघुरीचे खुंट ठोकायला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मुलगी विहिरीच्या कठड्यावर लॅपटॉप घेऊन बसली होती. "याच्यावरही उपाय आहे," ती म्हणाली. "प्रत्येक प्रश्नाला भाषा स्वतःहून एक खूण बनवून देते. तशीच खूण दुसऱ्या प्रश्नाला कधी मिळत नाही. उत्तराने तीच खूण परत आणली तरच ते उत्तर. नाही तर टाकून द्यायचं." म्हणजे आता शेतकऱ्याने नुसतं 'या' लिहून चालणार नव्हतं, प्रश्नासोबत आलेला आकडाही लिहायचा.

"आता व्हय म्हणायला बी नंबर लागनार," खुंट ठोकता ठोकता शेतकरी म्हणाला.

"लागणार, भाऊ. आणि गप बसायला नंबर लागणार नाही. ते तुम्ही बसा."

आम्ही तिथेच ती ओळ लिहिली. मी मुद्दाम जुना आकडा घालून एक 'या' पाठवलं. कार्यक्रमाने ते उचललं, खूण पाहिली आणि टाकून दिलं. मी परत पाठवलं, परत टाकलं. मला ते इतकं आवडलं की मी आणखी पाठवत राहिले, आणि शेवटी मुलीने लॅपटॉप मिटला.

मावशी जाळीच्या तोंडाशी उभ्या राहून एकेक मेंढी आत घेत होत्या. कोकरू आलं की वाकून त्याच्या पाठीवर हात ठेवायच्या. ओठ हलत होते. शेवटची शेळी, तीच मघाची, आत गेली आणि त्यांनी जाळी ओढून घेतली.

मी जवळ गेले. "किती आहेत सगळ्या मिळून?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कळपाकडे. "मोजलेला आकडा सांगत नसतेत, बाई, दृष्ट लागती," त्या म्हणाल्या. "साऱ्या भरल्या."